सीमाभागाच्या विकासासाठी वेगळे प्राधिकरण म्हणजे नेमके काय?

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगावमार्गे सापुताऱ्याकडे जाताना हतगड मागे पडले की राज्य बदलल्याची पहिली वर्दी रस्त्यावरच्या पाटीच्याही आधी खिशातला मोबाइल देतो. त्याने पलीकडचा मनोरा पकडलेला असतो. बाकी डोंगर तोच, खाचरातली नागली तीच, आणि पाड्यापाड्यांतले सोयरसंबंधही दोन्ही बाजूंना पसरलेले. डांग जिल्हा 1 मे 1960 रोजी गुजरातमध्ये गेला आणि सुरगाणा, पेठ हे तालुके महाराष्ट्रात राहिले. त्याआधी हा सारा मुलूख मुंबई राज्याचाच होता. कोकणा, वारली, भिल्ल या समाजांची वस्ती या रेषेच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही.

या रस्त्याच्या कडेला डिसेंबरपासून मार्चपर्यंत स्ट्रॉबेरीचे छोटे स्टॉल लागतात. भल्या पहाटे तोडलेली फळे आकारानुसार निवडून प्लास्टिकच्या डब्यांत भरलेली असतात, वर चिकटपट्टी असते आणि डब्याशेजारी चाखून पाहण्यासाठी कापलेल्या फोडी ठेवलेल्या असतात. हे फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे दुपार कलली की भाव उतरू लागतो. या शेतकऱ्याचे गिऱ्हाईक बरेचसे सुरतेकडून सापुताऱ्याला आलेले असते, म्हणजे गुजरातच्या पर्यटनावर पोसलेले असते. मात्र त्याला सल्ला देणारे कृषी कार्यालय सुरगाण्यात आहे, शेतापर्यंतचा रस्ता नाशिक जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहे, आणि त्याचा माल चार दिवस टिकवू शकेल अशी शीतगृहाची सोय दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात, घाटाखाली आहे. यांपैकी प्रत्येक खाते आपापले काम करत असेलही. पण शेत, रस्ता, शीतगृह आणि सहा किलोमीटरवरची परराज्यातली बाजारपेठ यांचा एकत्र विचार करणे हे कोणाच्याही कामाच्या यादीत नाही. सीमाभागासाठी वेगळी विकास यंत्रणा असावी असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा मूळ मुद्दा हा असतो. ती अशा यादीत नसलेल्या कामांसाठी हवी असते.

सीमेजवळचा भाग मागे का पडतो, याचे कारण केवळ दुर्लक्ष हे नाही. एखादा दुकानदार, दवाखाना किंवा बँकेची शाखा आपल्याभोवती एक वर्तुळ आखून हिशेब करते, की या वर्तुळात किती माणसे येतात आणि किती व्यवहार होतील. ठिकाण जिल्ह्याच्या मधोमध असेल तर वर्तुळ पूर्ण मिळते. सीमेवर असेल तर अर्धेच मिळते, कारण उरलेल्या अर्ध्या भागातली माणसे दुसऱ्या राज्याच्या परवान्यांत, दुसऱ्या भाषेच्या कागदांत आणि दुसऱ्या कचेऱ्यांत वाटली गेलेली असतात. सरकारी यंत्रणाही असाच हिशेब करते. रुग्णालय कुठे उभारायचे हे ठरवताना आपल्या राज्याची लोकसंख्या मोजली जाते, पलीकडची नाही. आणि पलीकडचेही तेच करतात. परिणाम असा की दोन्ही बाजूंची मिळून लोकसंख्या एका चांगल्या रुग्णालयाला पुरेशी असली, तरी वेगवेगळी मोजल्यामुळे ती कोणालाच पुरेशी दिसत नाही.

वाहतुकीचे उदाहरण याहून ठळक आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रवासी वाहनाचा परवाना ज्या राज्याने दिला, त्या राज्यापुरताच तो सामान्यतः चालतो. दुसऱ्या राज्यात प्रवासी न्यायचे तर त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते किंवा दोन्ही राज्यांत परस्पर वाहतूक करार असावा लागतो. एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी असे करार होतात. पण पाड्यावरून दहा किलोमीटरवरच्या पलीकडच्या बाजाराला माणसे नेणाऱ्या काळी-पिवळी जीपचा विचार त्यांत फारसा होत नाही, आणि तिथल्या बाईला डोक्यावर पाटी घेऊन जायचे असते ते नेमके त्याच दहा किलोमीटरसाठी.

2022 च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी, आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली तेव्हा नाशिकमध्ये बरीच खळबळ उडाली. त्याच सुमारास सांगलीच्या जत तालुक्यातील गावांवरून कर्नाटकाशी वाद पेटला होता, त्यामुळे सुरगाण्याची बातमीही अस्मितेच्या चष्म्यातून वाचली गेली. प्रत्यक्षात त्या गावांच्या तक्रारी अगदी साध्या होत्या: रस्ता, दवाखाना, पाणी, शाळा. उपचारांसाठी आणि मजुरीसाठी आम्ही तसेही धरमपूर, वांसदा, वलसाडकडे जातो, मग कागदोपत्री तिकडे का नसावे, एवढाच त्यांचा सवाल होता. मला त्या मागणीत राज्याबद्दलच्या रागापेक्षा व्यवहारी हिशेब अधिक दिसला.

आता अशी यंत्रणा उभी करायची म्हणजे काय करायचे, ते पाहू. सरकार एखादी विकास यंत्रणा साधारणपणे तीन वाटांनी उभारते. पहिली वाट शासन निर्णयाची, ज्याला आपण जीआर म्हणतो. ती सर्वांत सोपी आहे. मंत्रिमंडळाने ठरवले की महिन्याभरात प्राधिकरण जन्माला येते, आणि पुढचे सरकार दुसरा जीआर काढून ते तितक्याच सहज गुंडाळू शकते. दुसरी वाट कंपनी किंवा नोंदणीकृत संस्था काढण्याची. यात खरेदी, भरती आणि करार यांत थोडी मोकळीक मिळते, पण विधिमंडळाला थेट उत्तर देण्याचे बंधन सैल होते. तिसरी वाट कायद्याची. विधिमंडळ किंवा संसद स्वतंत्र अधिनियम करते, त्यात यंत्रणेची हद्द, अधिकार, सदस्य, पैशांचा स्रोत आणि लेखापरीक्षण हे सर्व लिहिलेले असते, आणि ती मोडायची तर पुन्हा सभागृहातच यावे लागते.

सीमाभागाच्या बाबतीत इथे एक घटनात्मक अडचण येते, जिच्याकडे घोषणा करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. ज्या महामंडळाचा उद्देश एका राज्यापुरता मर्यादित नाही, ते स्थापन करण्याचा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत, 44 व्या नोंदीत आहे. म्हणजे सुरगाणा आणि डांग या दोन्हींसाठी काम करणारे एकच महामंडळ महाराष्ट्राच्या विधिमंडळाला एकट्याने कायद्याने निर्माण करता येणार नाही. ते काम संसदेचे. विषय राज्य सूचीतला असेल तर अनुच्छेद 252 प्रमाणे दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसद त्या राज्यांपुरता कायदा करू शकते. हे अशक्यप्राय नाही. दामोदर खोरे महामंडळ 1948 च्या अधिनियमाने उभे राहिले, त्यात केंद्रासोबत पश्चिम बंगाल आणि तेव्हाचा बिहार हे दोन प्रांत भागीदार होते. मात्र तिथे पूर रोखणे आणि वीज निर्माण करणे अशी ठोस, मोजता येणारी कामे होती. ‘सर्वांगीण विकास’ अशा शब्दांवर दोन सरकारांना एकत्र बसवणे त्याहून पुष्कळ अवघड आहे.

संसदेपर्यंत न जाताही एक व्यासपीठ आजही उपलब्ध आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. पश्चिम विभागीय परिषदेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश आहेत, आणि केंद्रीय गृहमंत्री तिचे अध्यक्ष असतात. ही परिषद सल्लागार स्वरूपाची आहे, तिच्याजवळ खर्चायला पैसा नाही. पण परस्पर वाहतुकीसारखा प्रश्न मांडायला आणि त्याची नोंद व्हायला ती पुरेशी आहे.

केंद्र सरकारचा सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम आहेच की, मग वेगळे काय हवे, असे इथे कोणी विचारील. तो कार्यक्रम 1986-87 पासून चालत आला आहे, पण त्यातली ‘सीमा’ म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा. फेब्रुवारी 2023 मध्ये मंजूर झालेला, 4,800 कोटी रुपयांचा ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रमही उत्तरेच्या सीमेवरील गावांसाठी होता. महाराष्ट्राला आंतरराष्ट्रीय भूसीमा नाही, त्यामुळे पेठ किंवा सुरगाण्याला यांतला रुपयाही मिळण्याचा प्रश्न येत नाही. दोन राज्यांमधल्या सीमेवरचे मागासलेपण हा केंद्राच्या लेखी स्वतंत्र विषयच नाही. कर्नाटकाने आपल्या बाजूच्या सीमाभागासाठी प्राधिकरण काढले आहे. पण तिथे भाषा आणि अस्मितेचा संदर्भ जवळ असतो. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपली आरोग्य योजना कर्नाटकातील 865 गावांना लागू करण्याचे ठरवले तेव्हा कर्नाटकाने लगेच हरकत घेतली. नाशिक-डांग सीमेवर असा वाद नाही, आणि प्रयोगासाठी ही जागा मला त्यामुळेच अधिक योग्य वाटते.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण त्यात यश आणि फजिती दोन्ही पाहायला मिळतात. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगररांगांतला पट्टा अनेक राज्यांच्या कडांवर विखुरलेला होता आणि 1960 च्या सुमारास तिथला दर तिसरा माणूस गरिबीत होता. 1965 मध्ये तिथल्या संसदेने त्या पट्ट्यासाठी एक प्रादेशिक आयोग नेमला. आज त्यात 13 राज्ये आहेत. रचना अशी, की एक सह-अध्यक्ष केंद्राचा आणि सदस्य म्हणून त्या त्या राज्यांचे गव्हर्नर. केंद्राचा प्रतिनिधी आणि बहुसंख्य राज्ये यांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नाही. कारभाराचा खर्चही दोघे वाटून घेतात. तिथला गव्हर्नर म्हणजे निवडून आलेला राज्यप्रमुख, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, एवढे लक्षात ठेवले की त्या टेबलावर कोण बसते हे कळते.

त्या आयोगाची पैसे देण्याची पद्धत मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. प्रत्येक काउंटीची, म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधल्या घटकाची, दरवर्षी बेरोजगारी, उत्पन्न आणि गरिबी या निकषांवर वर्गवारी होते. सर्वांत हलाखीच्या काउंटीला प्रकल्पखर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत मदत मिळते, त्यावरच्या गटाला 70, मधल्या गटाला 50, बऱ्या स्थितीतल्या काउंटीला 30 टक्के, आणि ज्यांचे बरे चालले आहे त्यांना सर्वसाधारणपणे काहीच नाही. म्हणजे एकाच पट्ट्यात राहूनही सुस्थितीतल्या गावाला गरीब गावाच्या नावावर पैसे नेता येत नाहीत.

फजिती दुसऱ्या आयोगाची. 2008 च्या कृषी कायद्यात अमेरिकेने आणखी तीन प्रादेशिक आयोग निर्माण केले. त्यांतला उत्तर सीमेवरचा, म्हणजे कॅनडालगतच्या राज्यांचा, आयोग लवकरच कामाला लागला. मेक्सिकोलगतच्या चार राज्यांसाठीचा नैर्ऋत्य सीमा आयोग मात्र कायद्यात असूनही वर्षानुवर्षे कागदावरच राहिला, कारण त्याला केंद्राचा सह-अध्यक्षच नव्हता. पहिला सह-अध्यक्ष मिळायला 2022 चा डिसेंबर उजाडला. कायदा एकच, वर्ष एकच, आणि तरीही एकाचे कार्यालय सुरू आणि दुसऱ्याची खुर्चीच रिकामी. आपल्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ हा शब्द ज्यांनी सरकारी पत्रांत वाचला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही कमी बोलका नाही. संविधानाच्या अनुच्छेद 371(2) अन्वये 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे स्थापन झाली. नाशिक ‘उर्वरित’ मध्ये मोडत होते. त्या मंडळांचे काम मुख्यतः खर्चाचा आढावा घेण्याचे आणि शिफारशींचे होते; निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर होती. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा ठराव केला. एक गोष्ट यातून दिसते, की मुदतीवर चालणारी यंत्रणा मुदतीसोबतच संपते.

याच्याही आधी, 1984 मध्ये, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक अनुशेष मोजण्याची पद्धत घालून दिली होती. पद्धत सोपी होती: रस्ते, सिंचन, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि जिल्हा तिच्याखाली जेवढा असेल तेवढा त्याचा अनुशेष. जिल्हा हे एकक धरले की नाशिकचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. निफाड-दिंडोरीची द्राक्षे, सातपूर-अंबडचे कारखाने आणि शहरातली रुग्णालये यांच्यासोबत सुरगाणा-पेठ एकाच सरासरीत मिसळले जातात आणि नाशिक जिल्हा ‘पुढारलेला’ ठरतो. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची असलेले हे दोन तालुके त्या सरासरीत विरघळून जातात. सीमाभागासाठी यंत्रणा करायची तर तिचे एकक तालुका, किंबहुना ग्रामपंचायत असले पाहिजे, यावर माझ्या मते तडजोड करू नये.

यावरचा सर्वांत रास्त आक्षेप नाशिकमध्येच उभा आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय नाशिकला आहे. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळही नाशिकलाच आहे. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, ज्या क्षेत्राला लागू आहे तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी थेट देण्याची पद्धतही 2015 पासून आहे. मग आणखी एक पाटी कशाला? माझे उत्तर असे, की ही नवी यंत्रणा योजना राबवणारी असेल तर ती खरोखरच नको. रस्ता बांधायला बांधकाम विभाग आहे. तिने फक्त दोन गोष्टी कराव्यात: दोन खात्यांच्या किंवा दोन राज्यांच्या मधोमध अडकलेले काम हाती घेणे, आणि अशा कामाला कमी पडणारी रक्कम भरून देणे. म्हणजे सात लाखांचा तुटवडा असलेल्या पुलाला सात लाख द्यावेत, पूल तिने बांधू नये.

त्यासाठी तिच्या पैशाचे स्वरूप वेगळे लागते. नेहमीचा निधी 31 मार्चला व्यपगत होतो, म्हणजे न खर्चलेला पैसा हातचा जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईघाईने प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निविदा उरकल्या जातात. सुरगाण्यात जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ऑक्टोबरपर्यंत डोंगरातले काम जवळपास बंद असते. दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात आर्थिक वर्षाचे आणि कामाच्या हंगामाचे गणितच जुळत नाही. निधी पुढच्या वर्षी वापरण्याची मुभा कायद्यात लिहिलेली नसेल, तर उरलेल्या तरतुदींना फारसा अर्थ नाही. गंमत अशी, की एवढा पाऊस पिऊनही नार, पार, अंबिका या नद्या पाणी घेऊन गुजरातकडे उतरतात आणि वैशाखात इथल्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. नार-पारचे पाणी गिरणा खोऱ्यात वळवण्याच्या 7,015 कोटींच्या प्रकल्पाला राज्याने 2024 मध्ये मंजुरी दिली; उगमाजवळच्या पाड्यांसाठी छोटे साठे कुठे होतील, हा प्रश्न मात्र कोणत्याच एका खात्याचा नाही.

अधिकारांपेक्षा माहिती आणि पाठपुरावा जास्त लागेल, अशीही बरीच कामे आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पर्यंत झाडे तुटणार असतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. तरीही ‘वनहद्द आहे’ एवढ्या शेऱ्यावर प्रस्ताव परत येतात. डांगमधून लग्न होऊन आलेल्या मुलीचा जमातीचा दाखला माहेरच्या राज्याचा असतो. जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी ती इथे ‘स्थलांतरित’ ठरते आणि नोकरीच्या आरक्षणात तिचा दाखला चालत नाही. रात्री बाळंतिणीसाठी 108 ला फोन लावला आणि मोबाइलने पलीकडचा मनोरा पकडलेला असेल, तर तो कॉल कोणत्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाईल आणि तिथला माणूस अलीकडच्या पाड्यावर गाडी पाठवू शकेल का, हे दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकदा समोरासमोर बसून ठरवायला हवे.

म्हणून मला वाटते, सुरुवात महामंडळाने करू नये. नाशिक आणि डांग या दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या संयुक्त कक्षाने करावी. त्यासाठी संसदेचा कायदा लागत नाही. दोन्ही राज्यांचे समांतर शासन निर्णय पुरतात, आणि पश्चिम विभागीय परिषदेत त्यांची नोंद होऊ शकते. कक्षाचे कार्यालय नाशिक शहरात नसावे. बोरगावला असावे, जिथून सुरगाणा आणि सापुतारा दोन्ही जवळ पडतात. तिथे पूर्णवेळ अधिकारी असावा, ज्याची तीन वर्षे बदली होणार नाही. पहिल्या वर्षी त्याने सीमेलगतच्या ग्रामपंचायतींची तालुक्याच्या नव्हे, गावाच्या पातळीवरची एक यादी करावी: जवळचे रुग्णालय कोणत्या राज्यात, बाजार कोणत्या राज्यात, मजुरीला माणसे कुठे जातात, आणि तिथे जायला वाहन कोणते. काळी-पिवळीच्या प्रश्नाला लागणारी आकडेवारी याच यादीत असेल, आणि हतगडच्या स्ट्रॉबेरीसाठी बोरगावला छोटे शीतगृह परवडेल की नाही, हेही तिच्यावरूनच ठरवता येईल.